बोलण्याच्या उपक्रमांसाठी इंग्रजीतून सूचना देताना कोणते शब्द वापरावेत?

पाटीपेन्सिल

इंग्रजीच्या तासाला मुलांना बोलतं करायचं म्हटलं की पहिली अडचण मुलांच्या इंग्रजीची नसते, आपल्या सूचनेची असते. ‘डिस्कस द टॉपिक विथ युवर पार्टनर’ असं म्हटलं की अर्धा वर्ग आपल्याकडे बघत राहतो आणि उरलेला अर्धा वहीत लिहायला लागतो. पुस्तकातल्या सूचना वाचण्यासाठी लिहिलेल्या असतात. त्या जशाच्या तशा मोठ्याने वाचल्या तर कानाला लांब आणि जड वाटतात, असं माझं ठाम मत आहे.

पाचवी ते आठवीचा वर्ग डोळ्यासमोर ठेवून चार प्रश्न विचारते.
१. से, टेल, स्पीक, टॉक यांतलं काय कुठे वापरायचं?
२. ‘डिस्कस’ला पर्याय काय?
३. एका दमात किती सूचना द्याव्यात आणि कोणत्या क्रमाने?
४. मध्येच मराठी वापरावी का?

नुसती शब्दांची यादी नको. कोणत्या शब्दाने काय बिघडतं आणि का, तेही लिहा.

स्वल्पविराम

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

‘से’ला शब्द लागतात. जे उच्चारायचं ते ‘से’च्या पुढे येतं: ‘से द वर्ड’, ‘से इट अगेन’, ‘से युवर नेम’. ‘टेल’ला ऐकणारा लागतो: ‘टेल मी’, ‘टेल युवर पार्टनर’, ‘टेल द क्लास’. ऐकणारा न सांगता ‘टेल’ चालतो तो ठरावीक जोड्यांत, जसं ‘टेल अ स्टोरी’, ‘टेल द ट्रुथ’. ‘टॉक’मध्ये देवाणघेवाण असते: ‘टॉक टू युवर पार्टनर अबाउट युवर वीकेंड’. ‘स्पीक’ भाषेसाठी, आवाजासाठी आणि एकट्याने सलग बोलण्यासाठी: ‘स्पीक इन इंग्लिश’, ‘स्पीक क्लिअरली’, ‘स्पीक फॉर वन मिनिट’.

मराठी मुलांचा गोंधळ कुठे होतो ते बघा. ‘मला सांग’मधला ‘ला’ ते ‘से’ला चिकटवतात आणि ‘से मी द आन्सर’ तयार होतं. शिक्षकाच्या तोंडी रोज ‘टेल मी’ असेल तर ही चूक व्याकरण न शिकवताही कमी होते. उलट शिक्षकच ‘टेल द आन्सर’ म्हणत असेल तर मुलंही तेच उचलतात. सूचना म्हणजे रोज फुकट मिळणारा ऐकण्याचा सराव आहे, म्हणून ती अचूक असावी असा माझा आग्रह आहे.

खडूफळा

+१. यात ‘एक्सप्लेन मी’ही घाला. बरोबर रूप ‘एक्सप्लेन इट टू मी’. ‘मला समजावून सांग’वरून थेट उचललेली ही चूक शिक्षकांच्या तोंडीही सर्रास असते.

रेघारेघा

‘डिस्कस अबाउट’ आणि ‘डिस्कस ऑन’बद्दल आधी बोलू. ‘डिस्कस’ला थेट कर्म लागतं: ‘डिस्कस द पिक्चर’. आपण ‘विषयावर चर्चा’ म्हणतो, त्यामुळे तो ‘वर’ इंग्रजीत ‘ऑन’ होऊन येतो. नाम वापरलं तर मात्र ‘अबाउट’ हवं: ‘हॅव अ डिस्कशन अबाउट द पिक्चर’. ‘डिस्क्राइब’ आणि ‘मेन्शन’ हे शब्दही तसेच, ‘अबाउट’ नको. ‘आन्सर’चंही तेच. क्रियापद असताना ‘आन्सर द क्वेश्चन’, नाम असताना ‘द आन्सर टू द क्वेश्चन’. ‘लिसन’चं बरोबर उलटं: तिथे ‘टू’ हवंच, पण मराठीत ‘त्याचं ऐक’ असल्यामुळे ‘लिसन हिम’ होतं.

चौकटीबाहेर

व्याकरण बरोबर आहे, पण ‘डिस्कस’ची खरी अडचण वेगळी आहे. ‘डिस्कस’ म्हटल्यावर शेवटी हातात काय यायला हवं ते कळत नाही. मग जोडीतला एक म्हणतो ‘आय लाइक क्रिकेट’, दुसरा म्हणतो ‘मी टू’, आणि वीस सेकंदांत काम संपतं. त्यात मुलांचा दोष नाही. त्यांच्यासमोर चर्चेची शेवटची पायरीच ठेवलेली नसते.

म्हणून क्रियापद असं निवडा की त्यातून काहीतरी ठरलं, सापडलं किंवा मोजलं गेलं पाहिजे. ‘डिस्कस युवर हॉबीज’ऐवजी ‘फाइंड थ्री थिंग्ज यू बोथ लाइक’. ‘डिस्कस द बेस्ट वे टू ट्रॅव्हल’ऐवजी ‘चूज वन अँड गिव्ह टू रीझन्स’. पाच वस्तूंची चित्रं असतील तर ‘पुट देम इन ऑर्डर, मोस्ट यूझफुल फर्स्ट. यू मस्ट अ‍ॅग्री’. यातलं ‘यू मस्ट अ‍ॅग्री’ फार महत्त्वाचं. ते नसेल तर दोघं आपापली क्रमवारी लावतात आणि बोलण्याची गरजच उरत नाही.

‘फाइंड थ्री थिंग्ज’मधला ‘बोथ’सुद्धा गाळू नका. तो गाळला की प्रत्येक जण स्वतःच्याच आवडी सांगतो. ‘बोथ’ असला की ‘डू यू लाइक...?’ हा प्रश्न विचारावाच लागतो.

अनुस्वार

चौकटीबाहेर, इथे थोडी असहमती. ‘डिस्कस’ टाळत राहिलात तर मुलांना तो शब्द भेटणार कुठे? परीक्षेत, पुढच्या वर्गांच्या पुस्तकांत तो येतोच. ‘डिस्क्राइब’, ‘एक्सप्लेन’, ‘कम्पेअर’ यांचंही तेच. आयेल्ट्स या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, बोलण्याच्या परीक्षेत दुसऱ्या भागाच्या कार्डावर ‘डिस्क्राइब’ लिहिलेलं असतं, एक मिनिट तयारीला मिळतं आणि एक ते दोन मिनिटं सलग बोलायचं असतं. ‘डिस्क्राइब’ म्हणजे नेमकं काय करायचं हे तोवर अंगवळणी पडलेलं नसेल तर तयारीचं मिनिट शब्दाचा अर्थ लावण्यातच जातं.

चौकटीबाहेर

मुद्दा मान्य. मग दोन्ही ठेवा. फळ्यावर ‘डिस्कस’ लिहा, आणि त्याखाली आज त्याचा अर्थ काय ते: ‘फाइंड थ्री थिंग्ज यू बोथ लाइक’. शब्दही भेटतो आणि कामही कळतं.

पायरीपायरीने

तिसरा प्रश्न क्रमाचा. मी असा लावेन: आधी शांतता, मग कोण कोणाबरोबर, मग काय करायचं, मग किती वेळ, मग एक नमुना, आणि शेवटी ‘स्टार्ट’. कागद किंवा चित्रं वाटायची ती ‘स्टार्ट’च्या अगदी आधी. कागद हातात पडला की कान बंद होतात. त्यानंतर दिलेली सूचना परत द्यावी लागते आणि दुसऱ्या वेळी ती वेगळ्या शब्दांत दिली जाते. मग मुलांना वाटतं या दोन निरनिराळ्या सूचना आहेत.

एका वाक्यात एकच क्रिया. ‘आय वुड लाइक यू टू गेट इनटू पेअर्स अँड देन लुक अ‍ॅट द पिक्चर अँड ट्राय टू टॉक अबाउट इट’ या वाक्यात तीन कामं आहेत आणि पहिल्या चार-पाच शब्दांत त्यातलं एकही नाही. त्याऐवजी: ‘वर्क इन पेअर्स.’ थांबा. ‘लुक अ‍ॅट द पिक्चर.’ थांबा. ‘टेल युवर पार्टनर थ्री थिंग्ज यू सी.’

रेवाकाठ

गट आधी सांगायचे याला माझा विरोध. ‘गेट इनटू ग्रुप्स ऑफ फोर’ म्हटल्याबरोबर बाकं सरकायला लागतात. पुढची सूचना त्या आवाजात बुडते. काम आधी सांगावं, हलणं नंतर.

पायरीपायरीने

पण जागा बदलेपर्यंत काम विसरलेलं असतं. ते कसं टाळणार?

रेवाकाठ

शेजारच्याशीच बोलायचं असेल तर तुमचा क्रम बरोबर, कारण कोणी हलत नाही. जागा बदलायची असेल तर दोन टप्पे पूर्ण वेगळे करा. आधी फक्त हलायची सूचना, सगळे बसले की पुन्हा शांतता, मग काम. किंवा काम फळ्यावर लिहून ठेवा. अधलंमधलं करायचं झालं तर ‘डोन्ट मूव्ह येट’ने सुरुवात करा. मनाई वाक्याच्या शेवटी आली तर उशीर झालेला असतो. चित्रांचंही तसंच. एकाकडे एक चित्र, दुसऱ्याकडे दुसरं, आणि बोलून फरक शोधायचे, अशा कामात ‘डोन्ट शो युवर पिक्चर’ हे चित्र देण्याआधी सांगायचं. चित्र दिल्यावर सांगितलं तर तोवर दोघांनी ते एकमेकांना दाखवलेलं असतं, आणि बोलण्याचं कारणच संपतं.

काना_मात्रा

सगळ्यात निरुपयोगी वाक्य: ‘डू यू अंडरस्टँड?’ उत्तर नेहमी ‘येस’.

स्वल्पविराम

त्याऐवजी सूचना तपासणारे छोटे प्रश्न विचारा. ‘आर यू रायटिंग ऑर स्पीकिंग?’, ‘हू स्टार्ट्स?’, ‘हाउ मेनी मिनिट्स?’ उत्तर एका शब्दात यायला हवं. पण प्रत्येक सूचनेनंतर तीन-तीन प्रश्न विचारू नका, मोठ्या मुलांना ते खुपतं. जिथे चूक व्हायची शक्यता आहे तिथेच विचारा. बोलायचं काम असेल तर ‘रायटिंग ऑर स्पीकिंग’ हा एक प्रश्न पुरतो. लिहायला लागणं हीच तिथली नेहमीची चूक.

आणि प्रश्नांपेक्षाही नमुना सरस. एका मुलाला पुढे बोलावून त्याच्याबरोबर पहिली दोन वाक्यं करून दाखवली की बरीचशी सूचना देण्याची गरजच उरत नाही.

खडूफळा

पुढे बोलावताना ‘कम इन फ्रंट’ नको, ‘कम टू द फ्रंट’.

ओळीतला_शेवटचा

पाळीपाळीने बोलण्याचे शब्द कोणी घेतले नाहीत. ‘वन बाय वन’ म्हणजे रांगेने एकामागून एक, सगळ्या वर्गासाठी. जोडीत ‘टेक टर्न्स’ हवं: आधी तू, मग मी, परत तू. सगळे एकदम बोलायला लागले तर ‘वन अ‍ॅट अ टाइम’. जोडीत ‘वन बाय वन’ म्हटलं तर पहिला सगळं बोलून मोकळा होतो आणि दुसरा त्यानंतर सगळं बोलतो, संवाद होत नाही.

नुसतं ‘चेंज’ म्हणू नका. काय बदलायचं? भूमिका असेल तर ‘स्वॅप रोल्स’, जोडीदार असेल तर ‘चेंज पार्टनर्स’, जागा असेल तर ‘स्वॅप सीट्स’. आणि ‘रिपीट अगेन’मधलं ‘अगेन’ जास्तीचं. ‘रिपीट’ किंवा ‘से इट अगेन’.

अनुस्वार

आवाजाचेही शब्द गोंधळाचे आहेत. ‘रीड लाउडली’ आणि ‘रीड अलाउड’ एक नव्हे. ‘अलाउड’ म्हणजे ऐकू येईल असं, मनात नव्हे. ‘लाउडली’ म्हणजे मोठा आवाज काढून, आणि त्यात किंचित नापसंतीची छटा असते. नुसतं ‘रीड’ म्हटलं तर मनातल्या मनात की मोठ्याने हे कळत नाही, तेव्हा ‘रीड सायलेंटली’ किंवा ‘रीड अलाउड’ असं स्पष्ट सांगा. कविता पाठ म्हणायची तर ‘रिसाइट’.

बोलणाऱ्याचा आवाज लहान पडत असेल तर ‘स्पीक अप, प्लीज’ किंवा ‘अ लिटल लाउडर, प्लीज’. ‘स्पीक स्लोली’ जपून वापरा. ते ऐकलं की मुलं प्रत्येक शब्द सुटा करून बोलतात आणि वाक्याची लय मोडते. ‘पॉज आफ्टर इच सेन्टेन्स’ म्हटलं तर वेगही कमी होतो आणि वाक्यही अखंड राहतं.

काना_मात्रा

‘कॅन यू टेल मी...?’ विचारलं की एखादं मूल प्रामाणिकपणे ‘येस’ म्हणून खाली बसतं. :)

रेवाकाठ

आणि ‘वुड यू लाइक टू टेल अस?’ला ‘नो’ हे अगदी रीतसर उत्तर आहे. :) नम्रपणासाठी सूचना लांबवायची गरज नाही. ‘टेल अस, प्लीज’ हे उद्धट नाही. भाषा नवी असलेल्या मुलाला ‘कुड’, ‘वुड’, ‘माइंड’ यांच्या मागे लपलेलं मुख्य क्रियापद शोधावं लागतं. नम्रपणा आवाजातून आणि ‘प्लीज’मधून पोचतो. ‘लेट्स’सुद्धा विचार करूनच वापरा. ‘लेट्स रिपीट’ म्हणजे शिक्षकही बोलणार का? मुलं बोलणार असतील तर ‘रिपीट आफ्टर मी’.

मधली_सुट्टी

अवांतर: ‘आस्क युवर डाउट्स’ चूक की बरोबर?

स्वल्पविराम

भारतीय इंग्रजीत रुळलेलं आहे आणि इथे सगळ्यांना कळतं. पण बाहेरच्या ऐकणाऱ्याला ‘डाउट’ म्हणजे खरेपणाबद्दलचा संशय वाटतो. ‘एनी क्वेश्चन्स?’ सगळीकडे चालतं, मग वर्गात तेच का नको?

मधली_सुट्टी

‘गिव्ह युवर इंट्रोडक्शन’चंही असंच का?

रेघारेघा

‘इंट्रोड्यूस युवरसेल्फ’ म्हणायचं. पण लहान वर्गात तेही ढोबळ पडतं, आणि मुलं पाठ केलेला परिच्छेद म्हणतात. ‘टेल अस युवर नेम अँड वन थिंग यू डू वेल’ म्हटलं तर दुसरं वाक्य स्वतःचं करावं लागतं.

पायरीपायरीने

बोलण्याआधीच्या शांततेचे शब्दही ठरलेले हवेत. मेरी बड रो या अमेरिकी विज्ञानशिक्षण संशोधिकेने 1970च्या दशकात दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि ते तीन सेकंदांवर नेलं तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. ते निरीक्षण विज्ञानाच्या तासांचं होतं. परभाषेत तर शब्द जुळवायलाही वेळ लागतो, तेव्हा आपण त्याहून जास्त थांबायला हवं.

फ्रँक लायमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी 1981मध्ये मांडलेल्या ‘थिंक-पेअर-शेअर’मध्ये (आधी एकट्याने विचार, मग जोडीत बोलणं, मग वर्गाला सांगणं) पहिली पायरी थांबण्याचीच आहे, आणि वर्गात तीच सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. नुसतं ‘थिंक’ म्हणून भागत नाही. ‘थिंक. डोन्ट स्पीक येट. वन मिनिट’ असं म्हणा. टिपण करू द्यायचं असेल तर ‘राइट थ्री वर्ड्स, नॉट सेन्टेन्सेस’. वाक्यं लिहू दिली की पुढचं बोलणं म्हणजे वहीतलं वाचन होतं.

तिसऱ्या पायरीवरचा ‘शेअर’ मात्र मुलांसाठी पुसट आहे. ‘टेल द क्लास वन आयडिया’ हे स्पष्ट.

चौकटीबाहेर

यावरून ऐकणाऱ्याचं आठवलं. बोलणाऱ्याला सूचना मिळते, ऐकणाऱ्याला मिळतं फक्त ‘लिसन केअरफुली’. त्यात करायचं काय? त्यालाही क्रियापद द्या: ‘लिसन अँड आस्क टू क्वेश्चन्स’, ‘लिसन अँड फाइंड वन थिंग दॅट इज न्यू टू यू’.

भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या लेखनामुळे परिचित झालेल्या चार-तीन-दोन पद्धतीत तर हे हवंच. एकच विषय एका जोडीदाराला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन मिनिटांत सांगायचा. इथे सूचनेत ‘द सेम स्टोरी’ आणि ‘अ न्यू पार्टनर’ हे दोन्ही शब्द हवेत. ‘सेम’ राहिला तर मुलं नवीन काहीतरी रचतात आणि ओघ वाढवण्याचा हेतू फसतो. तोच जोडीदार राहिला तर ऐकणारा कंटाळतो. लहान वर्गात चार मिनिटं जड जातात. दोन, दीड आणि एक मिनिट ठेवा.

पाटीपेन्सिल

खूपच उपयोगी. चौथा प्रश्न राहिला, मराठीचा. आणि गटातलं एक मूल गप्पच राहतं, त्यासाठी सूचनेत काही करता येतं का?

अनुस्वार

मराठीबद्दल: प्रत्येक इंग्रजी सूचनेमागून लगेच मराठी भाषांतर आलं की मुलं इंग्रजी ऐकणं सोडतात, कारण मराठी येणार हे ठाऊक असतं. सूचना इंग्रजीत द्या, हातवारे करा, आणि मग एका मुलाला विचारा, ‘काय करायचंय?’ त्याने मराठीत सांगू दे. समजलं का ते कळतं आणि ज्यांना कळलं नाही त्यांनाही मदत होते.

दहा-बारा सूचना पक्क्या करा आणि त्याच शब्दांत रोज द्या. आज ‘वर्क इन पेअर्स’, उद्या ‘फाइंड अ पार्टनर’, परवा ‘गेट टुगेदर इन टूज’ असं नको. विविधता गोष्टीत, गाण्यात ठेवा. सूचनेत ती फक्त अडथळा होते.

रेवाकाठ

खेळ किंवा भूमिकानाट्य गुंतागुंतीचं असेल तर नियम सरळ मराठीत सांगायला माझी हरकत नाही. दहा मिनिटं इंग्रजीत नियम समजावून पाच मिनिटं बोलायला उरत असतील तर तो तोट्याचा व्यवहार आहे.

अनुस्वार

अशा कामांपुरतं मान्य. रोजच्या सूचनांना नाही.

ओळीतला_शेवटचा

गप्प मुलासाठी: ‘सम ऑफ यू’, ‘एनीवन’ असे शब्द टाळा. ‘इच ऑफ यू सेज टू सेन्टेन्सेस’ म्हटलं की वाटा ठरतो. गटाच्या वतीने कोण सांगणार हे आधी ठरवू देऊ नका, नाहीतर बाकीचे सैल पडतात. ‘आय विल आस्क एनी वन ऑफ यू’ असं सुरुवातीलाच सांगा.

वर्गाला सांगताना ‘टेल अस व्हॉट युवर पार्टनर सेड’ छान वाटतं, पण त्यात ‘ही सेड दॅट...’ची सगळी काळबदलाची कसरत येते आणि मूल तिथे अडखळतं. आठवीखाली ‘टेल अस वन थिंग अबाउट युवर पार्टनर’ पुरे. ‘शी लाइक्स...’ एवढ्यावर काम होतं, आणि लाजरं मूल स्वतःबद्दल बोलण्यापेक्षा दुसऱ्याबद्दल जरा मोकळं बोलतं.

पाटीपेन्सिल

मग सगळं धरून पंधरा मिनिटांच्या कामाच्या सूचना अशा लिहिल्या आहेत. विषय: एका खोलीच्या दोन चित्रांतले पाच फरक. तपासून द्या.

‘वर्क इन पेअर्स. वन ऑफ यू इज ए, वन इज बी.’
(चित्रं वाटणे)
‘डोन्ट शो युवर पिक्चर.’
‘टॉक अबाउट युवर पिक्चर्स. फाइंड फाइव्ह डिफरन्सेस.’
‘टेक टर्न्स. यू हॅव सिक्स मिनिट्स.’
‘आर यू रायटिंग ऑर स्पीकिंग?’
‘स्टार्ट.’
(सहा मिनिटांनी) ‘स्टॉप. टेल द क्लास वन डिफरन्स.’

रेवाकाठ

चित्रं वाटणं ‘डोन्ट शो’च्या खाली न्या, खरं तर ‘स्टार्ट’च्या जस्ट वर.

स्वल्पविराम

‘टॉक अबाउट युवर पिक्चर्स’ काढून टाका. ‘फाइंड’मध्ये ते आलंच, आणि ते ठेवलं तर ए आपलं सगळं चित्र एका दमात वर्णन करून टाकतो. त्या जागी प्रश्नाचा साचा फळ्यावर लिहा: ‘इज देअर अ... इन युवर पिक्चर?’ आणि एका मुलाबरोबर एक फरक शोधून दाखवा.

काना_मात्रा

ए कोण, बी कोण यावर दोन मिनिटं वाद होईल. ‘इफ यू आर नीअर द विंडो, यू आर ए.’

ओळीतला_शेवटचा

‘स्टॉप’च्या आधी ‘वन मोर मिनिट’ द्या, आणि मग ‘फिनिश युवर सेन्टेन्स’. वाक्य अर्धवट तोडू नका. शेवटी ‘टेल द क्लास’ नुसतं हवेत सोडू नका, जोडीकडे हात करून ‘बी, टेल अस वन डिफरन्स’ म्हणा. प्रश्न बहुतेक वेळ ए विचारत असतो, त्यामुळे शेवट बीच्या वाट्याला ठेवा.

पाटीपेन्सिल

चारही बदल केले. पाच फरकांसाठी सहा मिनिटं पुरतील ना?

पायरीपायरीने

सहावीला जेमतेम. पण वेळ वाढवू नका, फरक सात ठेवा आणि सूचनेत पाचच मागा. लवकर संपवणाऱ्या जोडीला नवं काम द्यावं लागत नाही. ‘फाइंड टू मोर’ एवढं म्हटलं की झालं.